लमाणी भरतकाम : टाके, घाट आणि मोल

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत भरतकामावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. हजेरी, बोनस, उचल, मुकादम हे आमचे नेहमीचे विषय. परंतु ज्या कामात माणसाचे हात, डोळे आणि आयुष्याचे तास खर्ची पडतात, ते प्रत्येक काम कामगार चळवळीच्या अभ्यासाचा विषय आहे, अशी माझी धारणा आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे सारे वाचनालयात आणि मजुरांच्या वस्त्यांत झाले. चाळीसगाव तालुक्याच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी जे लमाण तांडे आहेत, तेथे ऊसतोड मजुरांच्या सभा घेता घेता त्यांच्या आयाबहिणींच्या अंगावरचे कपडे मी पाहत आलो. त्या कपड्यांत एक शास्त्र आहे. ते सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कापडावर नक्षी दोन रीतींनी येते. येवल्याचा विणकर पैठणीच्या पदरावर मोर काढतो, तो कापड विणता विणताच काढतो; मोर उसवला तर कापडच उसवेल. भरतकामाचे तसे नाही. तेथे कापड आधी तयार असते, आणि सुईदोऱ्याने त्यावर दुसरा थर चढतो. माग विकत घ्यावा लागतो, बसवायला घर लागते. सुईला काहीच लागत नाही. म्हणूनच ज्यांना घर नव्हते, ज्यांचा संसार बैलाच्या पाठीवर होता, त्या लोकांनी विणकाम केले नाही, भरतकाम केले. हे एक कारण लक्षात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

लमाणी टाक्याचे वैशिष्ट्य कळायला त्याच्या अगदी उलट टोकाची एक कला शेजारी ठेवून पाहावी. ती म्हणजे चीनचे रेशमी भरतकाम. चीनमध्ये या कलेची चार नामवंत घराणी मानतात : सूचौ, हुनान, क्वांगतुंग आणि सेचुआन. तेथला कारागीर कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतो, त्यावर आधी चित्र रेखून घेतो, आणि मग ते रेशमाने भरतो. रेशमाचा एक धागा घेऊन त्याचे आठ, सोळा, प्रसंगी त्याहूनही अधिक पदर वेगळे करतात. एवढ्या बारीक तंतूने लांब-आखूड टाके शेजारी शेजारी टाकले की माशाच्या पाठीवरची चमक किंवा मांजराच्या अंगावरची लव हुबेहूब दिसते. सूचौचे कारागीर तर एकाच कापडाच्या दोन्ही अंगांनी सारखेच चित्र उमटवतात. गाठ कोठे आहे ते सापडत नाही. या कलेचा मुख्य टाका म्हणजे भरीव टाका. रेषेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरा आडवा टाकायचा, आणि त्याला लगटून दुसरा. दुसरा टाका गाठीचा. सुईभोवती दोऱ्याचा वेढा देऊन सुई तेथेच खाली ओढली की मोहरीएवढा दाणा उभा राहतो. असे हजारो दाणे शेजारी शेजारी भरून फुलाची पाकळी होते. या टाक्याने डोळे जातात, अशी एक दंतकथाच जगभर पसरली. दंतकथेतला अतिशयोक्तीचा भाग सोडला, तरी ती कारागिराच्या डोळ्यांबद्दल बोलते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हे चिनी काम आपल्या महाराष्ट्राला परके नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करू लागले. कापूस आणि अफू तिकडे जाई, चहा आणि रेशीम इकडे येई. त्याबरोबर भरलेल्या रेशमी साड्याही आल्या. त्यांना पारशी लोक ‘गारा’ म्हणतात, आणि नुसत्या भरलेल्या काठाला ‘कोर’. पॅगोडे, पूल, बगळे, कमळे हे चिनी जग पारशी घरात आले, आणि पारशी स्त्रियांनी त्याला आपली घरगुती नावे दिली. ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीला ‘कांदा-पपेटा’ म्हणजे कांदेबटाटे, चिमण्यांच्या जोडीला ‘चकला-चकली’, आणि पाकळ्यांचे फूल कोळ्यासारखे दिसले म्हणून त्याला ‘करोळिया’! आपल्या गावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) हे ज्या पारशी समाजातले, त्या समाजात अशी साडी आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे जाते. गारा कोणत्या घराण्यातला, हे आवर्जून सांगितले जाते. तो भरला कोणी, त्या चिनी कारागिराचे नाव मात्र कोणीच सांगत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आता लमाणी कापडाकडे वळू. चिनी भरतकाम चित्र काढून सुरू होते. लमाणी भरतकाम मोजून सुरू होते. लमाण स्त्री कापडावर रेघ मारीत नाही, छापा मारीत नाही, चौकटही लावीत नाही. कापड मांडीवर घेते आणि ताण्याबाण्याचे दोरे नजरेने मोजते. जाड्याभरड्या सुती कापडात उभे-आडवे दोरे स्पष्ट दिसतात. तेच तिचे आलेखाचे कागद आणि तीच तिची फूटपट्टी. चार दोरे सोडून सुई वर, चार दोरे सोडून खाली. या रीतीने जी नक्षी होईल ती चौकोनाची, शंकरपाळ्याची, त्रिकोणाची, पायऱ्यापायऱ्यांचीच होणार. वाकडी फांदी किंवा माशाचे शेपूट त्यात सहजी बसत नाही. काही पुस्तकांत या नक्षीला ‘आदिम’ म्हटलेले आढळते. तो समज चुकीचा आहे. ज्या हाताला चित्र जमत नाही त्या हाताची ही नक्षी नव्हे. हे उभ्या-आडव्या दोऱ्यांचे गणित आहे, आणि ते कागदावाचून तोंडी चालते. शंकरपाळ्याचे टोक कडेला बरोबर जुळले पाहिजे, यासाठी आरंभीच पूर्ण रुंदी भागून घ्यावी लागते. अक्षरओळख नसलेली म्हातारी हा भागाकार मनात करते.

या भरतकामात जे टाके मुख्यतः येतात ते एकेक करून पाहू.

पहिला धावदोरा. आपल्या घरच्या गोधडीचा टाका तोच हा. सुई सारख्या अंतराने वर-खाली करीत पुढे न्यायची. लमाण स्त्रिया जुन्या कापडाचे दोनतीन थर एकावर एक ठेवून त्यावर धावदोऱ्याच्या ओळी इतक्या जवळजवळ घालतात की कापड ताठ होते आणि ओळींचीच नक्षी बनते. हा टाका मुळात दुरुस्तीचा आहे. विरलेले कापड फेकायचे नाही, त्याला दुसऱ्या कापडाचा आधार द्यायचा. त्या गरजेतून शोभा निघाली.

दुसरा उलट टीप. दोन पावले पुढे, एक पाऊल मागे, असा दोरा चालतो. त्यामुळे वरच्या अंगाला सलग रेघ दिसते आणि ती मजबूत असते. नक्षीची हद्द आखायला हा टाका.

तिसरा साखळी टाका. प्रत्येक टाक्याचा फास पुढच्या टाक्याने धरून ठेवायचा. या टाक्याचे वय ऐकण्यासारखे आहे. चीनच्या हुनान प्रांतात मावांगतुई येथे १९७२ साली जे थडगे उकरले, त्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली भरलेली रेशमी वस्त्रे निघाली. त्यांवरचे काम बहुतांशी साखळी टाक्याचे आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची चिनी सरदारीण आणि आपल्या तांड्यावरची माउली यांच्या कापडावर एकच टाका आहे. तो कोणी कोणाकडून घेतला, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सुई आणि दोरा हातात असला की माणसाची बुद्धी सर्वत्र त्याच वाटेने जाते, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

चौथा फुलीचा टाका. दोन तिरपे टाके एकमेकांवर टाकून फुली करायची. आपल्या सरहद्दीला लागून असलेल्या निमाडात आणि पुढे माळव्यात बंजाऱ्यांच्या कामात हा टाका उठून दिसतो. यात एक शिस्त आहे : प्रत्येक फुलीचा वरचा हात एकाच दिशेला झुकला पाहिजे. एक जरी उलटा पडला तरी प्रकाश तेथे वेगळा पडतो आणि कापडावर डाग दिसल्यासारखा वाटतो. भरणारीण कसलेली आहे की शिकाऊ, हे या एका खुणेवरून कळते.

पाचवा मच्छीकाटा. दोन समांतर रेघांच्या मध्ये दोरा वर-खाली तिरपा नेत, दर वेळी थोडा मागून घ्यायचा. माशाच्या काट्यासारखी पट्टी तयार होते. दोन रंगांची कापडे जेथे जोडली असतील त्या सांध्यावर हा टाका घालतात. सांधा झाकला जातो, आणि टाक्याला थोडा ताण सहन होत असल्यामुळे चालता-वाकताना तुटत नाही.

सहावा काजटाका, आणि त्याच्याबरोबर आरसे. आरशाच्या भिंगाला भोक नसते. मग ते कापडावर टिकते कसे? आधी भिंगावरून दोन उभे आणि दोन आडवे दोरे ताणून घ्यायचे. मग सदऱ्याच्या काजाला घालतो तसा टाका त्या दोऱ्यांत अडकवीत भोवती फिरायचे. प्रत्येक टाका ताणलेल्या दोऱ्याला बाहेर ओढतो, आणि मधला चौकोन हळूहळू गोल खिडकी बनतो. भिंग त्या खिडकीत कायमचे बंद होते. जुन्या कामात पोकळ काचगोळ्याला आतून कल्हईसारखा मुलामा देऊन, तो फोडून केलेले तुकडे वापरीत; गुजरातेतील कपडवंज हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. अशी भिंगे किंचित फुगीर असतात, म्हणून ती सपाट आरशासारखी एकदम न लखलखता चालण्याबरोबर लुकलुकतात.

चीनचा भरीव टाका मात्र येथे फारसा दिसत नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे. भरीव टाक्यात दोरा लांबवर मोकळा पडलेला असतो. पेटीत ठेवायच्या साडीला तो चालतो. बाभळीच्या काट्यांतून लाकडे आणणाऱ्या, पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बाईच्या कपड्यावर तो एका दिवसात उसवेल. लमाणी टाका आखूड, घट्ट आणि दाट आहे, कारण तो कामाच्या कपड्याचा टाका आहे.

कपड्यांचे घाटही असेच कामाने ठरवले आहेत. घेरदार घागरा म्हणजे फेटिया. पाठ उघडी, बंदांनी बांधायची चोळी ती कांचळी. डोक्यावरची ओढणी म्हणजे छाटिया. ओढणीचा कपाळावर येणारा भाग जाड भरलेला असतो, त्याला घुंगटो म्हणतात. उन्हात तो छपरासारखा राहतो. हंड्याखाली ठेवायची चुंबळ कवड्यांनी मढवलेली असते आणि तिला जोडलेला भरलेला चौकोनी रुमाल मागे मानेवर लोंबतो. पैसाअडका, सुपारी ठेवायची कोथळी, बैलाच्या कपाळावरचे झूल-गोंडे, यांवरही तेच टाके. रंग मुख्यतः तांबडा आणि निळा. तांबडा पूर्वी आलीच्या आणि मंजिष्ठेच्या मुळांपासून काढीत, निळा निळीच्या झाडापासून. १८६८–६९ मध्ये जर्मनीत मंजिष्ठेतले रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे स्वस्त पुड्यांच्या रंगांनी मुळांचा धंदा बसवला.

कवड्या कोठून आल्या, हेही विचारले पाहिजे. कवडी समुद्रातली, बहुतेक मालदीव बेटांकडची. आपल्या देशात एकोणिसाव्या शतकापर्यंत ती सुट्या नाण्यासारखी चाले. डोंगरपायथ्याच्या तांड्यावर समुद्रातली वस्तू आली, कारण हे लोक देशभर व्यापार करणारे होते. लमाण हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आले असे सांगतात. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांनी मीठ आणि धान्य वाहिले. मोगल आणि मराठे, दोघांच्याही फौजा त्यांनी जगवल्या. १८०३ साली असईला लढलेल्या वेलस्लीच्या फौजेलाही बंजाऱ्यांचा पुरवठा होता. अशा माणसाची तिजोरी म्हणजे त्याच्या बायकोच्या अंगावरचे वस्त्र. नाणी, कवड्या, रुपे, भिंगे सारे त्यावरच शिवलेले. घर नसणाऱ्याने आपले घर कापडावर बांधले, असे म्हटले तर ते काव्य होणार नाही, हिशेब होईल.

१८६० नंतरच्या दशकात आगगाडी चाळीसगावावरून पुढे गेली, आणि ज्या गाडीने आपले गाव वाढले तिनेच बैलांचे तांडे बसवले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे बंजाऱ्यांच्या अनेक गटांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा आज विमुक्त जातींत गणले जातात. व्यापार गेला, जमीन थोडी, पाणी कमी. मग हातात कोयता आला. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोची जोडी साखर कारखान्याच्या हद्दीत जाते ती उन्हाळ्यात परत येते. त्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. पहाटेपासून मोळ्या बांधणारी बाई रात्री खोपीत चिमणीच्या उजेडात सुई हातात घेईल, ही अपेक्षा करणेच निर्दयपणाचे आहे. त्यातच आठवडेबाजारात पोरांनी पोशाखाची टिंगल केली म्हणून तो सोडला, असे मला एकीने नव्हे, अनेकींनी सांगितले. आता होळीच्या लेंगीला किंवा श्रावणात तिजेला पेटीतले फेटिया-कांचळी बाहेर निघतात. नव्या पोरी साडी किंवा पंजाबी ड्रेस घालतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. बारा किलोचा घागरा घालून मोळी उचला, असे संस्कृतीच्या नावाखाली त्यांना कोणी सांगू नये.

परंतु टाका सुटला तर त्याचे मोल कोणी करायचे? येथे मी माझ्या धंद्याच्या पद्धतीने एक हिशेब मांडतो. समजा, कापड असे आहे की एका इंचात दहा फुल्या बसतात. मग एका चौरस इंचात शंभर, आणि एका चौरस फुटात १४,४०० फुल्या झाल्या. सराईत हाताला एका फुलीला सहा सेकंद धरा. दोरा ओवणे, गाठ मारणे, उसवून पुन्हा घालणे यांचा वेळ सोडून द्या. तरी ८६,४०० सेकंद, म्हणजे बरोबर चोवीस तास झाले. आठ तासांची पाळी धरली तर तीन दिवसांची हजेरी, एका चौरस फुटाला! आता तुम्हीच आठवा, प्रदर्शनात अशी पिशवी हातात घेऊन आपण काय म्हणतो. ‘काही कमी होईल का?’

कारखान्यात आम्ही तासाची मजुरी मागतो, कारण तास भोंग्याने मोजला जातो. घरी बसून भरणाऱ्या बाईचा तास कोणी मोजीत नाही. तिला नगावर पैसे मिळतात, आणि नगाचा दर दलाल ठरवतो. तिच्या कामाला ‘फावल्या वेळचे’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांच्या हक्कांचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली संमत केला. त्यावर आपल्या देशाने अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. जुन्या भरलेल्या कपड्यांची गत तर आणखी वाईट. स्टीलच्या भांड्यांवर जुने कपडे घेणारा फेरीवाला तांड्यावर येतो; आजीच्या सहा महिन्यांच्या कामाच्या बदल्यात एक पातेले देऊन जातो. पुढे तेच कापड शहरात काचेच्या चौकटीत लागते. पारशी गाऱ्याच्या चिनी कारागिराचे जे झाले तेच हे : वस्तू टिकते, नाव पुसले जाते.

यावर उपाय नाही असे नाही. कर्नाटकातील संडूर हे घोरपड्यांचे जुने मराठी संस्थान. तेथे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात कुशल कला केंद्र उभे राहिले आणि भोवतालच्या तांड्यांवरच्या स्त्रियांना त्यांच्याच टाक्यांवर काम मिळू लागले. ‘संडूर लंबाणी भरतकाम’ या नावाला २०१० साली भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. तेथे चौदा टाके नावानिशी नोंदवलेले आहेत : किलन, वेले, बक्क्या, मकी, सूर्यकांती मकी, कांस, तेरा दोरा, कवडी, रेलो, गद्री, भुरिया, पोटे, जोल्या, नकरा. २०२३ च्या जुलैत हंपीला वीस राष्ट्रांच्या परिषदेची बैठक भरली तेव्हा तेथील साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्या प्रदर्शनाची जागतिक विक्रमात नोंद झाली. विक्रमाने चूल पेटत नाही, हे खरे. पण टाक्याला नाव मिळाले की दराची बोलणी करता येतात. ज्या कामाला नाव नाही त्याचा दर मागता येत नाही, हा चळवळीतला आमचा पहिला धडा आहे.

आपल्या तालुक्यात काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. तांड्यांवर ज्या वृद्ध स्त्रिया आज हे टाके घालू शकतात त्यांच्याकडून प्रत्येक टाक्याचा वीतभर नमुना भरून घ्यावा, त्याची रीतसर मजुरी द्यावी, आणि नमुन्यासोबत त्या टाक्याचे गोरबोलीतले नाव व भरणारीची संमती असेल तर तिचेही नाव लिहून तो वाचनालयात ठेवावा. शिकू इच्छिणाऱ्या मुलींना तो शिकवावा, पण शिकवणाऱ्या आजीला मास्तरणीचा पगार मिळावा. विक्री करायची तर सहकारी पद्धतीने, आणि दर नगावर न ठेवता टाक्यांच्या मोजणीवर ठेवावा. हिशेब वर दिलाच आहे, तो कोणालाही करता येईल. आणि ऊसतोडीला जाण्यावाचून ज्या घरांना गत्यंतर नाही त्यांतल्या चार घरांना जरी या कामावर गावात राहता आले, तरी त्या चार घरांतल्या पोरांची शाळा मधेच सुटणार नाही. मला या कलेत सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही.

पुढच्या तिजेला तांड्यावर गेलात तर एखाद्या माउलीचा घुंगटो तिची परवानगी घेऊन जवळून पाहा. फुल्यांचे वरचे हात एका दिशेला झुकले आहेत का, ते तपासा. मग एक इंच मोजा, आणि गुणाकार घरी येऊन करा.